विषाणूचा मूड

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर पाण्याची टाकी धूत होतो. ते म्हणाले, तुमच्या नोकरीतले अनुभव लिहून द्या, तुम्ही माकडांवर काम करता ना. मी म्हणालो, माकडांवर नाही, माकडांच्या विषाणूवर, आणि तेही अख्ख्या विषाणूवर नाही. ते म्हणाले, काही हरकत नाही, पण लेखात माकड येऊ द्या, वाचकांना आवडतं. म्हणून आधीच सांगून ठेवतो. आमच्या प्रयोगशाळेत माकड नाही, कधीच नव्हतं. या लेखात मात्र आहे. ते जरा उशिरा येईल.

मी उमरेडचा. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला पहिला मी. निकाल लागला त्या दिवशी वडिलांनी पेंटरला बोलावून दुकानाच्या पाटीवर, स्वतःच्या नावाखाली, 'मुलगा बी.एस्सी.' असं रंगवून घेतलं. पुढे कित्येक वर्षं गिऱ्हाइकं विचारत, पंक्चर तोच काढतो का. वडील अभिमानाने सांगत, नाही, तो नागपुरात असतो. ज्या शिक्षकांनी मला प्रयोगशाळेतली परीक्षानळी पहिल्यांदा हातात दिली आणि ती मी फोडल्यावर दुसरीही दिली, त्यांच्यामुळे मी इथवर आलो. हे लिहिताना त्यांची आठवण काढली नाही तर मला जेवण जाणार नाही.

नागपुरातल्या एका संशोधन संस्थेत मी तांत्रिक अधिकारी आहे. शास्त्रज्ञ नाही. शास्त्रज्ञ विचार करतात, आम्ही तो विचार सेंट्रिफ्यूजमध्ये घालून फिरवतो. माझ्या ताब्यात जे मोठं सेंट्रिफ्यूज आहे ते धुण्याच्या यंत्राएवढंच दिसतं, पण फिरायला लागलं की आतल्या नळीतली धूळसुद्धा तळाला चिकटून बसते. दोन समोरासमोरच्या नळ्यांचं वजन जरा इकडेतिकडे झालं तर ते थरथरतं, आणि ते थरथरलं की मी थरथरतो. इतक्या वर्षांत आम्ही दोघं एकमेकांना ओळखून आहोत.

आता विषाणूबद्दल. एड्स ज्या विषाणूमुळे होतो त्याचे चुलतभाऊ माकडांमध्ये असतात. आमच्या कामाचा विषय हे खानदान. हे ऐकलं की लोक खुर्ची मागे सरकवतात. आमच्या लेआऊटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, सलूनवाल्याने एकदा विचारलं होतं, "साहेब, तुमची दाढी करून राहिलो तर मले काही होईल काय?" मी त्याला सांगितलं तेच इथे सांगतो. आम्ही खरा विषाणू हाताळत नाही, त्याचं नुसतं कवच बनवतो. दारू न भरलेला सुतळी बॉम्ब समजा. दिसतो तसाच, पण त्याला कितीही वात लावली तरी तो तसाच बसून राहतो. सलूनवाल्याने समाधानाने मान हलवली आणि नवीन ब्लेड काढलं. दाढी झाल्यावर तेही फेकलं.

हे कवच ज्या प्रथिनाचं बनतं त्याला गॅग म्हणतात. पेशीत गॅगचे रेणू तयार होतात, शेकड्याने हजाराने एकमेकांना चिकटतात, त्यांचा गोळा होतो आणि तो पेशीतून बुडबुड्यासारखा बाहेर पडतो. एवढं सोपं. गंमत पुढेच आहे. विषाणू नव्या पेशीत शिरायला निघतो तेव्हा सोबत काही मदतनीस प्रथिनं घेऊन निघतो. त्यातल्या एकाचं नाव व्हीपीएक्स.

मी घरी हे असं समजावतो. वरात परगावी निघाली आहे. मुलीकडे कोठीच्या खोलीवर एक तिरसट माणूस बसलेला आहे, तो तांदूळ-डाळ काही शिल्लकच ठेवत नाही, म्हणजे स्वयंपाक होणं शक्य नाही. रक्तातल्या काही पेशींत असा एक पहारेकरी खरोखर असतो. विषाणूला लागणारा कच्चा माल तो मोडून टाकतो. अशा वेळी वरातीत एक मामा लागतो, जो पोचल्यापोचल्या त्या तिरसटाच्या गळ्यात हात टाकून त्याला कायमचा कचऱ्याच्या गाडीत बसवून येईल. व्हीपीएक्स म्हणजे तो मामा. पण मामा बसमध्ये आधीपासून पाहिजे. तिथे पोचून मामाला फोन करण्यात अर्थ नाही.

मग मामाला कळतं कसं की आपली बस कोणती? तर गॅगच्या प्रत्येक रेणूला शेवटी एक छोटी शेपटी असते, तिला पी-सिक्स म्हणतात. माकडाच्या विषाणूच्या शेपटीवर काही ठरावीक खुणा असतात. व्हीपीएक्स त्या खुणा वाचतं आणि शेपटी धरतं. गोळा बनताना सगळ्या शेपट्या आतल्या बाजूला येतात, म्हणून शेपटी धरलेला आपोआप आत. माणसातल्या नेहमीच्या एचआयव्हीची बस वेगळी. तिच्या शेपटीवर दुसऱ्याच मामाचा पत्ता लिहिलेला असतो, त्याचं नाव व्हीपीआर. व्हीपीएक्स त्या बसकडे बघतही नाही, निदान पुस्तकात तरी तसंच लिहिलेलं होतं.

आमच्याकडे वरुडची मीनल नावाची मुलगी पीएच.डी. करत होती. मराठी शाळेत शिकलेली, माझ्यासारखीच घरातली पहिली. बोलायला लागली की समोरच्याला चहा प्यायलाही फुरसत देत नसे. शेपटीवरची नेमकी कोणती खूण व्हीपीएक्स वाचतं, हा तिचा विषय. ती पेशींना माकडी गॅगचा डीएनए देई, त्याबरोबर व्हीपीएक्सचा देई, दोन दिवसांनी पेशींवरचं पाणी काढून माझ्याकडे आणे. मी ते साखरेच्या पाकावर अलगद ओतून फिरवत असे. हलका कचरा पाकावरच अडकतो, जड कवचं तळाला जातात. मग त्या तळात व्हीपीएक्स आहे की नाही ते एका कागदासारख्या पडद्यावर काळ्या पट्टीच्या रूपाने दिसतं. पट्टी आली म्हणजे मामा बसमध्ये होता. मीनलच्या हातून प्रत्येक वेळी पट्टी आली. शेपटी कापलेल्या गॅगबरोबर एकदाही आली नाही. चोख काम.

आमच्या विभागप्रमुख मॅडमची एक शिस्त होती. प्रबंध देण्याआधी मुख्य प्रयोग दुसऱ्या कोणीतरी करून बघायचा. ते काम त्यांनी कुरियन सरांना दिलं.

कुरियन सर केरळचे. आमच्या संस्थेत त्यांच्याइतका काळजीपूर्वक माणूस झाला नाही. हात धुतल्यावर नळसुद्धा धुणारे. नागपुरात आल्यावर त्यांनी हट्टाने मराठी शिकायला घेतली, पण शिकले कॅन्टीनमध्ये, त्यामुळे बोलत ते थेट आमच्याकडची बोली. शिवाय त्यांच्या मराठीत सगळं जग पुल्लिंगी. "माझा आई आला," असं ते सांगत, आणि मॅडमना एकदा भर बैठकीत त्यांनी अत्यंत नम्रपणे विचारलं होतं, "काहून गा मॅडम, चहा नाही येऊन राहिला?" मॅडम पुण्याच्या. त्यांना कळायला थोडा वेळ लागला.

तर कुरियन सरांनी मीनलचा प्रयोग केला. पट्टी आली नाही. त्यांनी पुन्हा केला. आली. पुन्हा केला, पुन्हा नाही. त्यांनी काचेची सगळी भांडी नवीन आणली, स्वतःचा चष्मा बदलून घेतला, तरी तेच. कधी मामा बसमध्ये, कधी नाही. कवचं मात्र दर वेळी भरपूर.

पहिले काही दिवस सगळ्यांनी मिळून बिचाऱ्या वस्तूंवर संशय घेतला. आधी माझ्या सेंट्रिफ्यूजवर. कंपनीचा इंजिनियर येऊन गेला आणि म्हणाला, मशीन माझ्यापेक्षा तंदुरुस्त आहे. मग नागपूरच्या उन्हाळ्यावर. मग विजेवर. आमच्या सौंनी लिंबू-मिरची ओवून पाठवली, ती मी खोलीच्या दाराला बांधली. कुरियन सरांनी ती बराच वेळ बघितली आणि मला बाजूला घेऊन गंभीरपणे विचारलं, "ढोमणेजी, हा आत नाही ना लावायचा? वजन बिघडेल."

मग मॅडमना सुचलं. माणूस हुशार असला की त्याला काहीतरी सुचतंच. त्यांचं म्हणणं असं की चूक कोणाचीच नाही, विषाणूच तसा आहे. कधी मदतनीस घेतो, कधी घेत नाही. त्याला वाटेल तसं. त्यांनी यासाठी एक भारदस्त इंग्रजी शब्द शोधला आणि एका परिषदेसाठी निबंधाचा सारांशही पाठवून दिला. आम्ही खालच्या मजल्यावरचे लोक त्याला विषाणूचा मूड म्हणत असू. सकाळी एकमेकांना विचारायचो, काय गा, आज मूड कसा हाय?

मीनल मात्र हसत नव्हती. ती म्हणाली, "मॅडम, माझ्या हातात त्याचा मूड कधीच बिघडत नाही. असं कसं?"

या प्रश्नाचं एक उत्तर सगळ्यांच्या मनात होतं आणि ते कोणालाच उच्चारायचं नव्हतं. कुरियन सरांसारख्या माणसाच्या हातून जे कधी येतं कधी येत नाही, ते एका विद्यार्थिनीच्या हातून नेहमीच येतं, म्हणजे ती न आलेले निकाल लपवते का? कोणी तोंडावर बोललं नाही. पण ती जेवायला बसली की टेबलावरचं बोलणं पावसापाण्यावर वळायचं. मॅडमनी तिला सांगितलं, सरांच्या हातून प्रयोग नीट उतरला नाही तर तो भाग प्रबंधातून काढावा लागेल. तो भाग काढला तर प्रबंधात आभार आणि संदर्भसूची एवढंच उरत होतं.

एकदा माझ्या खोलीत येऊन ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "भाऊ, तुम्ही तर माझ्या सगळ्या नळ्या फिरवल्या. तुम्हाला वाटते का मी काही लपवून राहिली?"

मी म्हणालो, "नाही वं."

"मग सर चुकतात म्हणता?"

"तेही नाही म्हणत."

"मग कोण?"

मी सेंट्रिफ्यूजकडे बघितलं.

तिचं आणि सरांचं बोलणं बंद झालं. दोघंही भली माणसं, त्यामुळे अबोलाही नको इतका सभ्य. सर दारात दिसले की ती उठून उभी राहायची, ती उठली की सर परत फिरायचे. काही दिवसांनी मला वाटलं, यांना एका पंगतीत बसवावं. कुरियन सरांना पाटवडीचा रस्सा खायची फार दिवसांची इच्छा होती. मी सगळ्या विभागाला रविवारी दुपारी घरी जेवायला बोलावलं.

आमचं लेआऊट शहराच्या कडेला आहे, मागे मोकळी शेतं आणि बाभळी. तिथे मला नावाने कोणी ओळखत नाही. माकडांच्या विषाणूवर काम करतो म्हणता म्हणता मी 'वांदरवाले साहेब' झालो आहे. गच्चीवर लंगूर आले की लोक मला फोन करतात. "साहेब, तुमचे आले," असं म्हणतात. मी समजावून थकलो. एकदा एका गृहस्थांनी पाठीवर हात ठेवून विचारलं, "खरं सांगा, लॅबमधून सुटले काय?"

म्हणून कुरियन सरांना पत्ता देताना मी म्हणालो, "प्लॉट नंबर नऊ, निळं गेट. सापडलं नाही तर वांदरवाल्याचं घर विचारा, कोणीही सांगेल." माझ्या दृष्टीने याहून स्पष्ट पत्ता असू शकत नाही.

रविवारी सगळे आले. मीनलही आली, सौंनी स्वतः फोन केला म्हणून, पण कोपऱ्यातल्या खुर्चीत पाठ ताठ करून बसली. कुरियन सरांचा पत्ता नाही. वेळेच्या बाबतीत त्यांच्यावर घड्याळ लावावं असा माणूस. रस्सा दोनदा गरम झाला. मी गेटवर उभा राहून त्यांना फोन लावत होतो, घंटी वाजत होती, कोणी उचलत नव्हतं.

त्याच वेळी आमच्याच ओळीत, कोपऱ्यावरच्या ठवकर काकूंच्या घरी काय चाललं होतं ते मला नंतर दोन्ही पक्षांकडून सविस्तर कळलं.

ठवकर काकूंच्या गच्चीवर सकाळपासून लंगुरांनी ठाण मांडलं होतं. वाळवणाचे पापड संपवून ते अँटेनाला झोके घेत होते. काकूंनी कुठल्या तरी ऑफिसात फोन केला, तिथून उत्तर आलं, माणूस पाठवतो. इतक्यात निळ्या गेटसमोर स्कूटर थांबली. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस उतरला, गेटवरचा नंबर बघून समाधान पावला आणि म्हणाला, "वांदरवाला, इथंच ना?"

"इथंच जी, या. केव्हाची वाट पाहून राहिली मी तुमची."

"उशीर झाला. माफ करा."

"होते असं. आधी दोन घास खाऊन घ्या. वांदरं कुठी पळून नाही राहिले."

हे शेवटचं वाक्य सरांना जरा कोड्यात पाडून गेलं, पण आमच्याकडच्या बोलण्यात असं पुष्कळ असतं, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. घरात दुसरं कोणी दिसलं नाही, तेव्हा बाकीचे जेवून गेले आणि मी त्यांना पोचवायला गेलो असेन, असं त्यांनी धरलं. फोन पिशवीत, पिशवी दाराशी. काकूंनी पान वाढलं. कढी-गोळे, वांग्याची भाजी, गरम पोळ्या. सरांनी कढीतला गोळा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"हा पाटवडी फार चांगला आहे," ते म्हणाले.

"पाटवडी नोहे जी, गोळा हाय. कुठले म्हणायचे तुम्ही?"

"केरळ."

"एवढ्या लांबून येता या कामासाठी?"

"इथं अनेक वर्षं आहे. वांदराच्या कामावर."

"कठीण काम. घ्या, अजून एक पोळी."

काकूंचं म्हणणं, इतका सभ्य माकडं हाकलणारा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. हात धुतल्यावर त्याने नळही धुतला. मग काकूंनी त्यांच्या हातात एक लांब काठी आणि बडवायला पितळी थाळी दिली, जिना दाखवला आणि म्हणाल्या, "जा आता वर."

सरांनी मला नंतर सांगितलं की त्यांना वाटलं, ही विदर्भातली जेवणानंतरची पद्धत असावी. अतिथीने नाही म्हणणं बरं दिसत नाही. ते काठी आणि थाळी घेऊन गच्चीवर गेले. तिथे ज्या प्राण्याच्या विषाणूवर त्यांनी अर्धं आयुष्य घालवलं होतं, त्या प्राण्याचं एक दूरचं अख्खं खानदान त्यांच्याकडे बघत होतं. संपादकांना कळवावं, माकड इथे आलं.

मी गेटवर उभा होतो तेव्हा वरून आवाज आला. "ढोमणेजी, तुम्ही तिकडे काहून?"

मी वर बघितलं. ठवकरांच्या गच्चीच्या कठड्याशी कुरियन सर, एका हातात काठी, दुसऱ्या हातात थाळी, आणि त्यांच्या शेजारी कठड्यावर एक मोठा हुप्प्या, दोघंही माझ्याकडे सारख्याच आश्चर्याने बघत. मी धावलो. माझ्यामागे सगळा विभाग, मॅडमसकट.

ठवकर काकू गेटवरच होत्या. "हा तुमचा माणूस हाय काय? मले वाटलं ऑफिसातून आला."

"काकू, हे शास्त्रज्ञ आहेत."

"असतील न. मंग वांदरं कोण हाकलन?"

सर खाली आले. ओशाळले होते, पण स्वतःची चूक त्यांना मान्य नव्हती. त्यांनी काठीने गेटवरच्या आकड्याकडे बोट दाखवल्यासारखं केलं. "नऊ. निळा गेट. तुम्हीच सांगितला."

"सर, हे नऊ नाही, एक आहे. माझं घर नऊ."

"हा एक?"

आमच्या लेआऊटच्या सगळ्या गेटांवर एकाच पेंटरने मराठी आकडे रंगवले आहेत, हौसेने, जरा गोलाई देऊन. आणि गेटं निळी, कारण त्याच्याकडे निळा रंग उरला होता. ठवकरांच्या गेटवर त्याने काढलं होतं १. सर त्याच्या अगदी जवळ गेले. वरचा गोल, खालची शेपटी. त्यांनी हवेत बोटाने इंग्रजी नऊ काढला. वरचा गोल, खालची शेपटी.

"तुमचा नऊ दाखवा," ते म्हणाले.

सगळी वरात माझ्या गेटपाशी आली. तिथे होतं ९. सरांनी डोकं एका बाजूला कलतं करून ते पाहिलं. "हा आकडा आहे? मी इथून गेलो होतो. मला वाटला कोणाचा तरी सही आहे."

कोणीतरी हसलं. सर हसले नाहीत. काठी अजून त्यांच्या हातातच होती. त्यांनी मागे वळून, कित्येक दिवसांत पहिल्यांदा, मीनलकडे सरळ बघितलं.

"मीनल. तू एक कसा लिहितो?"

"कसा म्हणजे, सर? एकासारखा."

"लिही."

तिने जमिनीवरची काडी घेतली आणि गेटसमोरच्या धुळीत एक काढला. मराठी शाळेत पाटीवर गिरवलेला, वाटोळ्या डोक्याचा, शेपटीचा. १.

मी रोज तिच्या नळ्या हाताळल्या होत्या. बाकीचे आकडे ती इंग्रजीत लिहायची, फक्त एक मराठीत, कारण नखाएवढ्या टोपणावर इंग्रजी एकाची उभी रेघ ओरखड्यासारखी दिसते. मला कधी ते खटकलं नाही. माझ्यासाठी तो एकच होता. दुसरं काही दिसायला मराठी वाचायला न शिकलेले डोळे लागतात.

तिच्या ज्या डब्यातून सरही नळी घेत, त्यात गॅगच्या डीएनएच्या नळ्या होत्या. नऊ नंबरात माकडाच्या विषाणूचा गॅग. एक नंबरात माणसाच्या एचआयव्हीचा, पुढे कधीतरी तुलनेसाठी लागेल म्हणून तिने ठेवलेला. कवच ओळखायला आम्ही जे रसायन वापरतो ते दोन्ही गॅगना सारखंच ओळखतं, त्यामुळे पडद्यावर फरक कळायची सोय नव्हती.

पाटवडी तशीच राहिली. सर स्कूटरवर, मीनल तिच्या गाडीवर, मी मागून, आणि मॅडम गाडीत बसून येताना पूर्ण वेळ कोणाशी तरी फोनवर त्या परिषदेबद्दल हळू आवाजात बोलत. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही की काकूंची काठी सरांनी सोबतच आणली आहे.

मीनलने फ्रीजमधून डबा काढला. बर्फ पुसलं. सरांनी दोन नळ्या उचलून तळहातावर ठेवल्या. एकावर 9. एकावर १. टोपण गोल असतं, त्याला वर-खाली नसतं. गोलावर आकडा जरा तिरपा धरला की दोघं जुळे भाऊ.

"मला वाटला दोन नऊ आहे," सर म्हणाले. "एक वापरायचा, एक जपून ठेवायचा. मी जो हाताला लागेल तो घेत होतो."

मीनल स्टुलावर बसली. आधी तिला हसू आलं, मग ते हसू वेगळ्याच वाटेने गेलं आणि तिने डोळे पुसले. सर तिच्यासमोर काठी टेकून उभे. मग ते म्हणाले, "माफ कर. मी तुझ्यावर संशय घेतला. बोललो नाही, पण घेतला."

"मीही तुमच्यावर घेतला, सर. आणि मी बोललेसुद्धा. भाऊंपाशी."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी सेंट्रिफ्यूजकडे बघितलं.

पुढच्या आठवड्यात सरांनी दोन्ही नळ्यांवर पूर्ण नाव लिहून प्रयोग पुन्हा केला. नऊ नंबरात पट्टी आली, दर वेळी. एक नंबरात आली नाही, एकदाही नाही. जपून ठेवलेले जुने नमुनेही तपासले, पट्टी न आलेला प्रत्येक एक नंबरचा निघाला. म्हणजे सरांच्या फसलेल्या प्रयोगांपैकी एकही फसलेला नव्हता. कोणती बस कोणती हे माहीत नसताना त्यांनी माणसाच्या बसमध्ये मामाला पुन्हा पुन्हा बसवायला पाहिलं, आणि मामा पुन्हा पुन्हा बसला नाही. त्याने पत्ता नीट वाचला होता. वाचता येत नव्हतं ते आम्हाला. मीनलच्या प्रबंधात सरांच्या त्या जुन्या प्रयोगांचं एक चित्र वाढलं, आणि ते सगळ्यात देखणं आहे. मॅडमनी परिषदेला कळवलं की सारांश मागे घेत आहोत. कारणाच्या जागी काय लिहिलं ते त्यांनी सांगितलं नाही.

आता आमच्याकडे टोपणांवर छापील चिकटपट्ट्या लावतात. सोय आहे, पण मला जरा चुकल्यासारखं होतं. कोणाचा चार कसा, कोणाच्या सातला किती बाक, यावरून मला विद्यार्थी ओळखू यायचे. आता सगळे सारखे.

मीनलची तोंडी परीक्षा मागच्या हिवाळ्यात झाली. ती सगळ्यांसाठी खुली असते. सभागृहात पहिल्या रांगेत तिचे आईवडील, नवे कपडे घालून, हात मांडीवर ठेवून बसलेले. त्यांच्या मागे ठवकर काकू. त्यांना मी बोलावलं नव्हतं, कुरियन सरांनी बोलावलं होतं. हल्ली लंगूर आले की काकू सरांनाच फोन करतात, आणि सर येतात. जेवणही असतं.

परीक्षक बाहेरगावचे, कडक. त्यांनी ते देखणं चित्र पडद्यावर परत मागवलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "हे प्रयोग करणाऱ्याला कोणती नळी कोणती आहे हे ठाऊक नव्हतं असं तुम्ही लिहिलंय. उत्तम. पण ही गुप्तता तुम्ही राखली कशी? नेमकी पद्धत सांगा."

मीनलचे वडील थोडे पुढे झुकले. मॅडम छताकडे बघू लागल्या. मीनलने माझ्याकडे बघितलं, मग मागच्या रांगेकडे.

"सर," ती म्हणाली, "नळीवर नंबर मराठीत होता."

परीक्षकांना काही कळलं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. तेव्हा मागच्या रांगेतून कुरियन सर उठून उभे राहिले, शर्ट नीट केला, आणि साक्ष द्यावी तशा स्वच्छ आवाजात म्हणाले, "बरोबर आहे. मले एक येत नव्हता."